बोलोन्याच्या पिनबॉलचं रिले-पर्व

इटलीतल्या बोलोन्या शहरात झक्कारिया बंधूंनी १९७०च्या दशकात स्वतःची पिनबॉल यंत्रं बनवायला घेतली, तेव्हा या खेळावर शिकागोची हुकमत होती. तिथल्या गॉटलीब कंपनीच्या १९३१च्या ‘बॅफल बॉल’ने पिनबॉल दुकानादुकानांत पोचवला. १९४७च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ने चेंडू टोलवणारे फ्लिपर आणले आणि नशिबाच्या खेळात हाताचं कसब आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या कॅफेंनीही हा खेळ आपलासा केला. दिग्दर्शक गोदारच्या १९६२च्या ‘विव्र सा व्ही’ या चित्रपटातलं जोडपं कॅफेत बोलता बोलता पिनबॉलच खेळू लागतं.

इटलीत बक्षीस म्हणून फुकट डाव देण्याला कायद्याची आडकाठी होती. त्यामुळे गॉटलीब तिथल्या बाजारासाठी जादा चेंडू देणारी वेगळी यंत्रं पाठवी. अशा बाजारात झक्कारियांनी ‘मून फ्लाइट’, ‘कॉम्बॅट’ यांसारखी स्वतःची यंत्रं उतरवली. १९७८च्या ‘विंटर स्पोर्ट्‌स’पासून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची वाट धरली आणि रिलेवर, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांवर, चालणाऱ्या यंत्रांचं पर्व काही वर्षांतच आटोपलं.

आजचा संग्राहक नेमका याच पर्वाकडे ओढला जातो. या यंत्रांत चिप नाही, प्रोग्राम नाही. खेळाचा प्रत्येक नियम तारा, रिले आणि सोलेनॉइड (वीज मिळताच दांडा ओढणारी वेटोळी) यांच्या जुळणीत बसवलेला असतो. पन्नास गुण मिळाले की आतली मोटर फिरते आणि गुण दाखवणारं दहाचं चाक पाच वेळा खटखट पुढे सरकतं. चाक नवावरून शून्यावर आलं की एक संपर्क जुळतो आणि शेजारचं चाक एक घर पुढे जातं. शाळेत शिकलेला ‘हातचा एक’ इथे डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो.

म्हणूनच यंत्र बिघडलं तर कारण शोधता येतं. सर्किटचा भलामोठा नकाशा जमिनीवर पसरायचा, एकेका संपर्कावरचा काजळीचा थर घासायचा, वर्षानुवर्षं साचून घट्ट झालेलं ग्रीस काढायचं. खरी कसोटी लागते ती यंत्राच्या मागच्या काचेपाशी. तिच्यावरच्या छापील चित्राचा रंग एकदा पापुद्र्यांनी सुटू लागला की पूर्ववत होत नाही. त्यात युरोपीय यंत्रांचे सुटे भाग अमेरिकी यंत्रांच्या भागांइतके सहज मिळत नाहीत. एक यंत्र जगवायला अनेकदा दुसरं मोडावं लागतं.

एवढी मेहनत करून संग्राहक जपतो ते यंत्र चालवण्याचं ज्ञान. चालू यंत्र समोर नसेल तर ते ज्ञान पुढच्या हातात जात नाही. तेव्हा जुनं यंत्र काचेच्या कपाटात ठेवू नये, खेळतं ठेवावं. बुडापेस्टच्या पिनबॉल संग्रहालयात प्रवेशाचं तिकीट काढलं की आतली यंत्रं मनसोक्त खेळता येतात. त्या शहरात गेलात, तर एक दुपार तिथे नक्की घालवा.