वाटाण्याचं रोप आणि दादासाहेब फाळके

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लागला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला भारावून टाकतो तो त्याआधीचा काळ.

१९११ मध्ये फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना ध्यास लागला. वय चाळिशीचं, छापखान्याचा धंदा सुटलेला. चित्रपट बघून बघून आणि जागरणं करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परतली, तशी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ मध्ये थेट लंडन गाठलं. तिथून कॅमेरा आणला खरा, पण चित्रपटाला पैसा कोण देणार?

मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा पक्का बसवून, ठरावीक वेळाने थोडी थोडी फिल्म घेत राहिले. पडद्यावर काही क्षणांत कोंब फुटून वेल वर चढताना दिसला आणि भांडवल मिळालं!

आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई! कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची. ती अंधारात बसून एकेक पाडायची, हे काम त्यांचं. शिवाय घरादारासकट साऱ्या मंडळींचा स्वयंपाक. दागिनेही याच कामी आले. चित्रपटाच्या इतिहासात त्यांना अजून हक्काची जागा मिळालेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

हरिश्चंद्राची राणी तारामती हिच्या भूमिकेसाठी एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले.