बाळाच्या डोक्यातली गुठळी

लोणारची एखादी लेक पाचव्या महिन्यात सोनोग्राफीला जाते, तेव्हा डॉक्टर बाळाच्या डोक्याची मागची बाजूही निरखतात. मेंदूतलं अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरा तिथंच एकत्र येतात. क्वचित तिथं त्रिकोणी काळा फुगवटा दिसतो आणि त्याच्या आत पांढुरकी, गोलसर गुठळी. वाहतं रक्त रंगात दाखवणारा कलर डॉपलर लावला तरी गुठळीत रंग उमटत नाही, म्हणजे तिथं रक्त थिजलेलं. मग एमआरआय, त्यात क्ष-किरण नसतात. मेंदूला इजा झाली आहे का, ते त्यातून कळतं. घरचे हादरतात, साहजिकच आहे. पण मेंदू शाबूत असेल, तर अशा अनेक गुठळ्या जन्माआधीच आकसतात. घाईनं निर्णय घेऊ नका. संभाजीनगर गाठावं लागलं तरी तज्ज्ञांना दाखवा आणि ते सांगतील तेव्हा पुन्हा सोनोग्राफी करा.