टाचेच्या जुन्या तुटलेल्या कंडरेची दुरुस्ती

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणारी अकिलीस कंडरा ही शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा असली, तरी ती तुटल्यावर पुष्कळदा साधी मुरगळ समजून तेल-शेकावर निभावून नेले जाते. आणि चार-सहा आठवडे लोटले, म्हणजे आखडलेली पोटरी वरचे टोक ओढून घेते व मधली फट दुबळ्या व्रणतंतूंनी भरून जाते. असा रुग्ण सपाटीवर चालतो, परंतु त्या एका पायाच्या चवड्यावर त्याला उभे राहवत नाही. पालथे निजवून पोटरी दाबली असता निरोगी पाऊल झुकते, हे मात्र बहुधा ढिम्म राहते.

शस्त्रक्रियेची तजवीज मुख्यतः फटीच्या लांबीवरून ठरते. व्रणतंतू काढल्यावर अंतर सुमारे २ सेंटिमीटरच्या आत असेल, तर टोके थेट शिवतात, सुमारे ५ सेंटिमीटरपर्यंत असल्यास वरच्या कंडरापटलास उलट्या ‘व्ही’चा छेद देऊन ते खाली सरकवतात, आणि त्याहून मोठ्या अंतरासाठी, अंगठा वाकवणाऱ्या शेजारच्या स्नायूची कंडरा टाचेच्या हाडात रोवतात, ज्यायोगे अंगठ्याचे बळ किंचित उणावले तरी चालण्यास सहसा बाधा येत नाही. पुढे, झुकत्या स्थितीत प्लास्टरात ठेवलेले पाऊल क्रमाक्रमाने काटकोनात आणले जाते, आणि पोटरीची ताकद परतण्यास कित्येक महिन्यांचा नेमस्त व्यायाम लागतो.