चुरस आणि वैर : अर्थच्छटांचा एक अभ्यास



टोकावड्याच्या परिसरात दोन गावांचे कबड्डी संघ समोरासमोर आले, की 'आज चुरस आहे' असे आपण सहज म्हणतो. 'आज वैर आहे' असे म्हणत नाही. दोन्ही शब्दांत विरोधाचा अर्थ आहे. तरीही ते एकमेकांच्या जागी का चालत नाहीत, हे क्रीडाक्षेत्रातील दोन उदाहरणांच्या आधारे पाहू.

प्रथम या शब्दांचा वाक्यातील व्यवहार लक्षात घ्या. चुरस 'लागते', वैर 'धरले' जाते. चुरस दोघांमध्ये असते. वैर कोणाशी तरी असते आणि ते एकट्यालाही धरता येते. मराठीत 'हाडवैर' हा शब्द आहे, 'हाडचुरस' नाही. याचा अर्थ असा, की चुरशीला समोरच्याची गरज असते. वैराला समोरचा नकोसा असतो.

पहिले उदाहरण मुंबईचे. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना हे शेजारशेजारच्या वस्त्यांतील दोन क्रिकेट क्लब. १९४८ साली सुरू झालेल्या, भर पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये त्यांचे सामने विशेष गाजत. माधव मंत्री, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर हे दादर युनियनचे; संदीप पाटील शिवाजी पार्कचे. क्लबच्या सामन्यात प्रतिस्पर्धी असलेले हेच खेळाडू मुंबईसाठी एकत्र खेळत. १९८३ च्या विश्वविजेत्या भारतीय संघात गावसकर, वेंगसरकर आणि पाटील तिघेही होते. येथे चुरशीने दोन्ही बाजूंना घडवले.

दुसरे उदाहरण ग्रीसचे. अथेन्समधील पानाथिनाइकोस (स्थापना १९०८) आणि लगतच्या पिरियस बंदरातील ऑलिंपियाकोस (स्थापना १९२५) हे तेथील बास्केटबॉलमधील दोन अग्रगण्य क्लब. युरोपातील सर्वोच्च क्लब-विजेतेपद १९९६ साली पानाथिनाइकोसने पटकावले, तर पुढच्याच वर्षी ऑलिंपियाकोसने. एकाच्या यशाने दुसऱ्याला ईर्ष्या दिली, असे येथेही म्हणता येईल.

या दोघांना ग्रीक भाषेत 'चिरंतन आंतिपालोस' या अर्थाने संबोधले जाते. 'आंतिपालोस' या शब्दाच्या मुळाशी कुस्ती आहे. आपला 'प्रतिमल्ल' हा शब्द त्याच्याशी जवळजवळ घटकशः जुळतो. इंग्रजीत मात्र या लढतीचे नाव 'चिरंतन शत्रूंची लढत' असे रूढ झाले. भाषांतरात मल्लाचा शत्रू झाला.

हा फरक केवळ कोशापुरता नाही. २००७ साली याच क्लबांच्या महिला व्हॉलीबॉल सामन्याच्या दिवशी समर्थकांच्या मारामारीत एका तरुणाचा जीव गेला. ग्रीक भाषेतील शब्द प्रतिमल्लाचाच होता. आचरण शत्रूचे झाले. म्हणजे नेमका शब्द एकट्याने माणसाला आवरू शकत नाही. परंतु मर्यादा कोठे ओलांडली गेली, हे ओळखण्याची खूण तो आपल्या हाती देतो. ती खूण पुसली गेली, तर मर्यादाभंगही नित्याचा वाटू लागतो.

स्वयंअध्ययनासाठी : आपल्या गावातील एखाद्या स्पर्धेचे वर्णन दहा ओळींत लिहा. 'चुरस', 'ईर्ष्या', 'वैर' यांपैकी कोणता शब्द कोठे योजला आणि का, हे स्पष्ट करा.