गॅस गीझर, बंद खिडकी आणि कार्बनची एक मोकळी जोडी

आजचा विषय अणू आणि त्यांचे बंध. थांबा, लगेच स्किप करू नका. 'आयनिक, सहसंयुज, हायड्रोजन' हे त्रिकूट मीही अकरावीत पाठ केलं, पेपरात ओतलं आणि विसरून गेले. मग एका डिसेंबरात आंघोळ करताना डोकं एकदम जड झालं, पाय लटपटायला लागले. आई म्हणाली, पित्त झालं असेल. पित्त नव्हतं. गॅस गीझर बाथरूमच्या आतच होता आणि थंडी म्हणून खिडकी घट्ट बंद.

आता बघा, कार्बनच्या बाहेरच्या कवचात ४ इलेक्ट्रॉन असतात, ऑक्सिजनच्या ६. दोघांनाही ८ पुरे करायचे असतात. हवा भरपूर असेल तर एका कार्बनला दोन ऑक्सिजन मिळतात, प्रत्येकाशी दोन जोड्यांची भागीदारी होते आणि तयार होतो कार्बन डायऑक्साइड. हवा कमी पडली की कार्बनच्या वाट्याला एकच ऑक्सिजन येतो. मग तीन जोड्या सामाईक. त्यातली एक तर ऑक्सिजनने पदरचीच घातलेली. हा झाला कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. (सिलिंडरच्या गॅसचा वास मुद्दाम मिसळलेला असतो, तो जळून जातो.)

दोन अणूंच्या रेणूंमध्ये यांचा तिहेरी बंध सगळ्यात मजबूत. पण घात होतो तो या बंधाने नाही, तर कार्बनकडे उरलेल्या इलेक्ट्रॉनच्या एका मोकळ्या जोडीने.

हिमोग्लोबिनमधल्या हीमच्या मध्यभागी लोहाचा अणू असतो. त्याला सहा जागा. चार नायट्रोजनने धरलेल्या, पाचवी प्रथिनातल्या हिस्टिडीनने, आणि सहावी ऑक्सिजनसाठी. ऑक्सिजन तिथे सैलसर बसतो, आणि तसाच बसायला हवा. फुप्फुसात धरायचं, स्नायूत सोडायचं. घट्ट चिकटला तर उपयोग काय? कार्बन मोनॉक्साइड नेमकी तीच जागा बळकावतो, आपली मोकळी जोडी लोहाला देऊन. त्याची ओढ ऑक्सिजनच्या २०० ते २५० पट. वर आणखी एक गोम आहे: एका हिमोग्लोबिनमध्ये चार हीम असतात. एकदोन जागा अडल्या की उरलेल्या जागा आपला ऑक्सिजन जास्तच घट्ट धरून ठेवतात. रक्तात ऑक्सिजन आहे, पण मेंदूला मिळत नाही.

म्हणून 'मजबूत बंध म्हणजे चांगला बंध' हे जीवशास्त्रात डोक्यातून काढा. डीएनएच्या दोन साखळ्या हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या असतात, ए-टी मध्ये दोन, जी-सी मध्ये तीन. एकेकटा बंध कमजोर, म्हणूनच तर साखळ्या उघडून प्रत काढता येते.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो बरं का. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, आकडा छान दिसतो. त्यामुळे आकडा बघत बसू नका; आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा, मग थेट दवाखाना. हा बंध सुटतो, पण हळूहळू. साध्या हवेत निम्मा कार्बन मोनॉक्साइड निघायला ४ ते ५ तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास, कारण त्या सहाव्या जागेसाठी आता ऑक्सिजनची गर्दी असते.

आमचा गीझर आता बाहेर गॅलरीत आहे. गरम पाणी यायला उशीर होतो, आई रोज कुरकुरते.