उभ्या गाडीची धाप

नागपूरच्या लकडगंजात कधी सकाळी गेलात, तर आरामशिनींसमोर माल भरण्यासाठी थांबलेल्या जुन्या डिझेल पिकअप गाड्या दिसतील. एखादीजवळ उभे राहून नुसते ऐका. रस्त्यावर नीट धावणारी गाडी उभी असताना मात्र धापा टाकते, थरथरते, कधी बंदच पडते. असे का व्हावे?

आधी थोडे गणित करू. इंजिनाच्या या किमान वेगाला मिस्त्री ‘स्लो’ म्हणतात. चार सिलिंडरांचे इंजिन स्लोवर मिनिटाला ८०० फेरे घेते असे धरा. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ज्वलन होते. म्हणजे चारांत मिळून तासाला ९६,००० वेळा. तेवढ्यात ०.६ लिटर डिझेल जळाले, तर एका ज्वलनाच्या वाट्याला येते सुमारे ६ घन मिलिमीटर. पाण्याचा साधा थेंब सुमारे ५० घन मिलिमीटरचा असतो. थेंबाच्या आठव्या हिश्शात जराशी चूक झाली, तरी ती केवढी मोठी! ओझे ओढताना हेच माप कितीतरी वाढते आणि तेवढीच चूक झाकली जाते.

लकडगंजात पहिला संशय साहजिकच लाकडाच्या भुशावर जातो. पण भुशाने हवेची जाळी तुंबली, तर त्रास चढावर होतो, काळा धूर निघतो. स्लोवर डिझेल इंजिनाला गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा मिळत असते. तेव्हा भुसा बहुधा निर्दोष!

आता कान द्या. ठेका एकसारखा पण लंगडा असेल, तर एखादा सिलिंडर काम करत नाही. कोणता? मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट क्षणभर सैल करतो. चांगल्या सिलिंडरचे डिझेल तोडले की इंजिन आणखी लंगडते. ज्याचे तोडूनही काही फरक पडत नाही, तो दोषी. (तुम्ही हे करू नका बरे! नोझलची धार १०० वातावरणांहून अधिक दाबाची असते. ती कातडीत घुसते.)

ठेका हळूहळू चढत-उतरत असेल, तर बहुधा डिझेलमध्ये हवा शिरली आहे. बिनसुईच्या पिचकारीत पाणी भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो हलत नाही. आता आत हवा ठेवून दाबा. दट्ट्या आत जातो, सोडला की परत येतो. इंजिनाच्या पंपातही असेच होते: जोर बुडबुडा दाबण्यात जातो, नोझल उपाशी राहते. वेग घटला की गव्हर्नर डिझेल वाढवतो. ते उशिरा पोचते, वेग जास्तच चढतो, मग गव्हर्नर डिझेल तोडतो. हीच ती धाप.

गंमत अशी, की गळती दिसतच नाही. टाकीकडून येणारी रबरी नळी चिरली, तरी तिथे ओढ असल्याने इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकण्याऐवजी हवा आत जाते. काहीजण स्लोचा स्क्रू पिळून वेग वाढवून देतात. धाप थांबल्यासारखी वाटते, डिझेल मात्र जास्त जळते आणि चीर तशीच राहते. चांगला मिस्त्री तिथे थोडा वेळ पारदर्शक नळी जोडून बुडबुडे शोधतो. मग नवी नळी बसवून, हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारतो. आधी फेस येतो, मग तुरळक बुडबुडे, शेवटी स्वच्छ, सलग धार. तेव्हा स्क्रू आवळायचा.