दुबईला व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही? कमी पैशात बोलायचे सरळ मार्ग

राजापूर : पोरगा दुबईला पोचतो. विमानतळावरच्या वाय-फायवरून 'पोचलो' एवढा मेसेज येतो आणि घरी सगळ्यांना हायसं वाटतं. मग आई व्हॉट्सअॅपवर कॉल लावते. रिंग जाते, तिकडे तो उचलतोही, पण आवाज येत नाही. पुन्हा लावला तरी तेच. मग घरात चर्चा सुरू. कोण म्हणतं रेंज नाही, कोण म्हणतं फोन बिघडला, कोण म्हणतं नेटपॅक संपला.

बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. फोन चांगला, नेट चांगलं. त्या देशात व्हॉट्सअॅपच्या कॉललाच परवानगी नाही.

जैतापूर, नाटे, साखरी नाटे, सागवे या खाडीपट्ट्यातल्या आणि राजापूर शहरातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आखातात नोकरीला आहे. या घरांना हा प्रश्न पहिल्याच दिवशी भेटतो. रोजच्या गप्पा दोन दिवस राहिल्या तर काही बिघडत नाही. पण रात्री वडिलांना रत्नागिरीला हलवायची वेळ आली आणि मुलाला कळवायचा मार्गच माहीत नसला, तर त्या वेळी शिकायला सवड नसते. म्हणून दोन मार्ग आधीच तयार ठेवायचे. एक नेटवरचा फुकट मार्ग, दुसरा बिननेटचा साधा फोन.

कॉल का अडतो

दुबई, अबुधाबी, शारजा ही शहरं संयुक्त अरब अमिरातीत येतात. तिथे इंटरनेटवरून आवाजाचे कॉल देण्याची सेवा हे परवान्याचं काम आहे. परवाना एतिसलात आणि डू या दोन फोन कंपन्यांकडे. बाहेरच्या अॅपला ही सेवा द्यायची तर या कंपन्यांच्या मार्फत आणि तिथल्या दूरसंचार प्राधिकरणाच्या परवानगीने द्यावी लागते. व्हॉट्सअॅपच्या कॉलला ती परवानगी नाही. म्हणून लिहिलेला मेसेज जातो, फोटो जातो, आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर तोही जातो. फक्त समोरासमोर बोलायचा कॉल अडतो.

अडवणूक तिकडच्या नेटवर्कवर आहे. त्यामुळे राजापुरात नवीन मोबाईल घेऊन, सिम बदलून किंवा मोठा नेटपॅक मारून काही उपयोग नाही.

आखातातले सगळे देश मात्र सारखे नाहीत. ओमान आणि कतारमध्येही व्हॉट्सअॅप कॉलवर बंधनं राहिली आहेत. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये नियम पाळणाऱ्या अॅपवरची बंदी उठवली. कुवेत आणि बहरीनला सहसा ही अडचण येत नाही. नियम बदलत असतात, म्हणून जाणाऱ्याने तिथे आधीपासून असलेल्या आपल्या माणसाला 'सध्या कुठलं अॅप चालतं' हे निघायच्या आधी विचारून घ्यावं.

फुकटचा मार्ग : दोन्हीकडे एकच अॅप

अमिरातीत काही अॅपना परवानगी आहे. त्यात आपल्या लोकांमध्ये जास्त चालणारं नाव म्हणजे बोटिम. व्होइको, गोचॅट अशीही नावं त्या यादीत आहेत. काम आणि शिक्षणासाठी झूम, गुगल मीट, मायक्रोसॉफ्ट टीम्स यांनाही मुभा मिळाली आहे.

यात एक गोष्ट लोक विसरतात. अॅप दोन्ही फोनमध्ये लागतं. पोराने तिकडे बोटिम घेतलं आणि घरी आईच्या फोनमध्ये ते नाही, तर फुकटचा कॉल होणार नाही. म्हणून तो घरी असतानाच दोन्ही फोनमध्ये अॅप टाकायचं, ओटीपी घालून सुरू करायचं आणि एकाने ओटीवर, एकाने माजघरात बसून कॉल लावून बघायचा. आईने स्वतःच्या हाताने दोनदा लावला म्हणजे मग चिंता नाही.

तिकडच्या पॅकचीही चौकशी करावी. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या कंपन्यांनी अशा कॉलसाठी मोबाईलवर महिना ५० दिरहमचा वेगळा पॅक आणला होता. आपल्या सिमवर किंवा खोलीतल्या वाय-फायवर असा पॅक लागतो की नाही, हे तिथल्या माणसाने कंपनीला विचारूनच पैसे भरावेत. न विचारता भरू नयेत.

इकडच्या बाजूला खर्च फक्त नेटचा. नुसत्या आवाजाच्या कॉलला मिनिटाला साधारण एक एमबीच्या आत-बाहेर डेटा जातो. व्हिडिओ लावला की तो कित्येक पटीने वाढतो. रेंज कमी असेल तर व्हिडिओ बंद करून बोलावं, आवाज लगेच सुधारतो. झूमवर फुकटची बैठक ४० मिनिटांत बंद होते, पण घरच्या गप्पांना तेवढी पुरते.

साधा फोन : लागतो कसा, पडतो कितीला

नेट बंद पडलं, लाईट गेली, अॅप अडकलं, तरी साधा फोन लागू शकतो. पण त्याचीही तयारी लागते.

पहिलं, नंबर. ० चं बटण दाबून धरलं की + चं चिन्ह येतं. त्यापुढे देशाचा आकडा. अमिराती ९७१, ओमान ९६८, सौदी ९६६, कुवेत ९६५, कतार ९७४, बहरीन ९७३. तिकडचा नंबर शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य काढायचं. म्हणजे पोराने नंबर ०५० ने सुरू होणारा दिला, तर इथून लावताना +९७१ आणि पुढे ५० असं लावायचं. नंबर फोनमध्ये असाच साठवून ठेवावा. तिकडच्या माणसाने घरचा नंबर +९१ लावून साठवावा.

दुसरं, परदेशी कॉलची सोय. तिला आयएसडी म्हणतात. बऱ्याच सिमवर ती मागितल्याशिवाय सुरू होत नाही. कस्टमर केअरला फोन करून विचारून घ्यावं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅलन्स. 'अनलिमिटेड' रिचार्ज मारलेला असतो, म्हणून घरच्यांना वाटतं परदेशी फोनही त्यातच. तसं नाही. ते अनलिमिटेड देशातल्या देशात. परदेशी कॉलचे पैसे मेन बॅलन्समधून कापले जातात आणि हल्ली बहुतेकांचा मेन बॅलन्स शून्यच असतो. त्यामुळे नेमक्या वेळी कॉल जात नाही.

हिशेब सोपा आहे. समजा दर मिनिटाला १२ रुपये आहे. रोज १० मिनिटं बोललं तर दिवसाला १२० आणि ३० दिवसांचे ३,६०० रुपये. त्याऐवजी रोज आवाजाचा मेसेज पाठवला आणि आठवड्यातून एकदाच १० मिनिटं फोन केला, तर चार वेळचे ४८० रुपये. बहुतेक ठिकाणी मोजणी पुऱ्या मिनिटाची असते. १ मिनिट ५ सेकंद झाले तरी २ मिनिटांचे २४ रुपये जातात. आपल्या कंपनीचा खरा दर तेवढा विचारून घ्या आणि याच रीतीने हिशेब मांडा. ठरावीक देशासाठी दर उतरवणारे छोटे आयएसडी पॅकही मिळतात. महिन्यातून तीन-चार वेळा फोन करायचा असेल तर आधी पॅक विचारावा, मग कॉल लावावा.

फोन कोणी लावायचा, हेही घरात ठरवून घ्यावं. तिकडच्या सिमवर भारतासाठी मिनिटांचा पॅक मिळत असेल तर पोरानेच लावलेला बरा. इकडून नुसती रिंग द्यायची आणि त्याने परत करायचा. तिकडे उचलला नाही तर पैसे जात नाहीत. मात्र तिकडून 'मेसेज ठेवा' असं यंत्र बोललं तर कॉल उचलला असाच धरला जातो. यंत्राचा आवाज आला की लगेच ठेवावा.

पाचल, कारवली, अणुस्कुरा घाटाखालच्या वाड्या, अशा रेंज कमी असलेल्या भागांत घरात फायबरचं नेट आलं असेल तर फोनच्या सेटिंगमधलं 'वाय-फाय कॉलिंग' सुरू करून ठेवावं. टॉवरची रेंज नसली तरी परदेशातून आलेला साधा कॉल घरच्या वाय-फायवर वाजतो. ही सोय फोन आणि सिम दोन्हींत असावी लागते.

कॅसेट गेली, व्हॉइस मेसेज आला

जुन्या माणसांना हे नवीन नाही. टेलिफोन दुर्मीळ होता तेव्हा गल्फला जाणाऱ्या गाववाल्याच्या सामानात आवाज भरलेली कॅसेट जायची. सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती बसून बोलायचं आणि उत्तराची कॅसेट कोणी सुट्टीवर आला की यायची. पुढे पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी बूथ आले. समोरच्या यंत्रावर आकडे पळताना बघून अर्धं बोलणं पोटातच राहायचं. परदेशी कॉलची मक्तेदारी विदेश संचार निगमकडे होती. ती १ एप्रिल २००२ ला संपली, दुसऱ्या कंपन्या आल्या आणि दर उतरत गेले.

आजचा व्हॉइस मेसेज म्हणजे तीच कॅसेट, फक्त क्षणात पोचणारी. तो अमिरातीतही अडत नाही. माणूस शिफ्टवर असला तर सुटल्यावर ऐकतो. लिहितावाचता न येणाऱ्या आजीलाही पाठवता येतो. कमी नेटवर जातो आणि पुन्हा ऐकता येतो. रोजची खुशाली यावर, आठवड्याच्या गप्पा अॅपवर आणि अडीअडचण साध्या फोनवर, अशी वाटणी केली की खर्च आवाक्यात राहतो.

वेळेचं भान ठेवावं. अमिराती आणि ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे. सौदी, कुवेत, कतार, बहरीन अडीच तास मागे. आपण सकाळी सहाला कॉल लावला तर दुबईत साडेचार वाजलेले असतात. दिवसभर उन्हात राबलेला माणूस झोपेतून दचकून उठतो.

शॉर्टकट महागात पडतात

'व्हीपीएन टाक, व्हॉट्सअॅप चालू होईल' असा सल्ला मित्र देतात. कंपन्या आपल्या कामासाठी व्हीपीएन वापरतात ते वेगळं. पण बंद असलेली सेवा चोरून वापरायला ते लावलं तर अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात अडकायची भीती आहे. गुन्ह्यासाठी नेटवरची ओळख लपवणाऱ्याला त्यात कैदेची आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. घरच्यांनी 'व्हिडिओवर तोंड दाखव' म्हणून पोराला या भानगडीत ढकलू नये.

दुसरं, पोरगा बोलतोय दुबईतून आणि आपल्या फोनवर नंबर मात्र अनोळखी भारतीय दिसतोय, असं होत असेल तर सावध व्हा. स्वस्त मिनिटं विकणारे काही लोक परदेशी कॉल चोरट्या मार्गाने आणून इथल्या सिममधून वाजवतात. हा गुन्हा आहे. असा कॉल आला तर सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर कळवायची सोय आहे.

तिसरं, मिस्ड कॉल. ज्यांचा माणूस बाहेर आहे, ते + दिसलं की परत फोन लावतात. आधी पुढचा आकडा बघा. आपला माणूस ९७१ मध्ये असेल आणि मिस्ड कॉल भलत्याच देशाचा असेल तर परत लावू नका, बॅलन्स उडतो. 'तुमच्या मुलाला पकडलंय, पैसे पाठवा' असा फोन आला तर आधी मुलाच्या ठरलेल्या नंबरवर फोन करा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

पोरगा जहाजावर असेल तर

मर्चंट नेव्हीतल्या मुलांच्या घरची गोष्ट वेगळी. भर समुद्रात मोबाईलचा टॉवर नाही, सगळं उपग्रहावर. ८७० ने सुरू होणारा नंबर उपग्रह फोनचा असतो आणि त्याचा दर फार चढा असतो. तो आणीबाणीलाच लावावा. एरवी जहाजावरच्या नेटवरून आलेल्या मेसेजवर भागवावं आणि बंदर लागलं की बोलावं. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारात बदल झाला असून २३ डिसेंबर २०२४ पासून जहाजावर घरच्यांशी संपर्काची सोय, शक्य तिथे नेट, देणं अपेक्षित आहे आणि त्याचे पैसे घेतले तर ते वाजवीच असावेत. भारत या करारात २०१५ पासून आहे. जहाजावर चढण्याआधी मुलाने कंपनीला याबद्दल विचारावं. येताना तिकडून उपग्रह फोन मात्र आणू नये. परवानगीशिवाय तो बाळगणं भारतात गुन्हा आहे.

भिंतीवर एक कागद

बॅग भरायच्या दिवशीच हा कागद लिहून फोनच्या चार्जरजवळ चिकटवावा, मोठ्या अक्षरात :

१. पोराचा तिकडचा नंबर, देशाच्या आकड्यासकट. सिम मिळाल्यावर लगेच भरायचा.
२. त्याच्या खोलीतल्या एका सोबत्याचा आणि कंपनीच्या ऑफिसचा नंबर. त्याचा फोन बंद असला तर हाच आधार.
३. दोन्हीकडे असलेल्या अॅपचं नाव.
४. आठवड्याचा बोलायचा वार आणि आपली वेळ.
५. परदेशी कॉल सुरू असलेला घरातला फोन कोणाचा आणि त्यात किमान १०० रुपये मेन बॅलन्स आहे की नाही.
६. भारतीय दूतावासाचा नंबर. अमिरातीतल्या भारतीयांसाठी मदत केंद्राचा तिथून लावायचा टोल फ्री नंबर ८०० ४६३४२ आहे. पगार अडकला, पासपोर्ट दाबून ठेवला, तर घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर इथूनही तक्रार करता येते.

शंभर रुपयांत १२ रुपये दराने आठ मिनिटं मिळतात. वडिलांना कुठे नेलंय, सोबत कोण आहे, तू निघायचं की थांबायचं, एवढं सांगायला आठ मिनिटं पुरतात. ते शंभर रुपये रोजच्या गप्पांत खर्च करू नयेत.